रोजी अलीनं टेकवलेलं ओझं

मेंदोथंग गावात रोजी अलीला बर्फातला जाणकार म्हणत. त्याला स्वतःला विचारलं असतं तर जाणकारी वगैरे काही नव्हती. ज्यांना खरंच कळत होतं ते एकामागून एक मशिदीमागच्या उतारावर जाऊन निजले, आणि मागे हा उरला. उरणाऱ्याला मान मिळतो. त्यात कर्तबगारी कसली?

कर्तबगारी म्हणायची तर पाठीची. सतराव्या वर्षापासून त्यानं ओझी वाहिली होती. आधी गावची, मग शिखरं चढायला येणाऱ्या परदेशी लोकांची. मासळीचे डबे, दोरखंड, तंबू, एकदा तर एका साहेबाची घडीची खाट. त्या कमाईवर घराला वरचा मजला चढला, दोन मुलगे शिकले. एक कराचीला गेला, दुसरा स्कर्दूत जीप चालवत होता. सदुसष्टाव्या वर्षी रोजीकडे उरलं होतं काय, तर करकरणारे गुडघे आणि डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला उजवा खांदा. ‘दमलो’ हा शब्द तो दिवसातून इतक्या वेळा म्हणे की त्याच्या बायकोनं, हलीमानं, तो ऐकणंच सोडून दिलं होतं.

त्या वर्षी पाटाचं पाणी जूनअखेरीलाच आटलं. जव कसाबसा पदरात पडला, पण त्याच्यामागून पेरायचा कुट्टू कुणी पेरलाच नाही. जर्दाळूची पानं भर उन्हाळ्यात पिवळी पडली. शेवटी गावानं ठरवलं, बर्फाचं लग्न लावायचं.

हे लग्न म्हणजे पोरखेळ नव्हे. नर हिमनदीचा काळपट, खड्यांनी भरलेला बर्फ आणि मादीचा निळसर पांढरा, असे दोन्ही पाठीवर आणून सावलीच्या उतारावर एका खड्ड्यात पुरायचे. वर कोळसा, जवाचा कोंडा आणि पाण्यानं भरलेले भोपळ्याचे तुंबे. नशिबात असेल तर दहा-बारा वर्षांत तिथं नवी हिमनदी धरते. नियम दोनच. उचललेला बर्फ पुरेपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही, आणि तोवर बरोबरच्यांपैकी कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. थकलात तर पाठीवरून पाठीवर द्या. नवरी आहे ती. घर यायच्या आधी तिला वाटेत धुळीत बसवतात का, असं जुनी माणसं म्हणत.

नर हिमनदी शेजारच्या दरीतच होती, तिचा बर्फ आणायला दुसरी टोळी जाणार होती. मादी मात्र आपो-रीच्या पायथ्याशी. आपो-री म्हणजे आजोबा डोंगर. त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही, त्याच्या नजरेसमोर शीळ घालत नाही. मशिदीतले आखून, म्हणजे मौलवी, या गोष्टींना जुनी खुळं म्हणतात, पण त्या वळणावर आले की तेही टोपी काढतात.

मादी ओळखायची कुणी? सगळ्यांची तोंडं रोजीकडे वळली, कारण एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नात सहा जण गेले होते आणि त्यांतले दोनच जिवंत होते. दुसरा शुकूर. त्याचं नाव अर्थातच कुणी घेतलं नाही.

त्या वेळी काय झालं ते सगळा गाव सांगत असे आणि चुकीचं सांगत असे. बर्फ घेऊन सहा जण एका ओळीत उतरत होते. रोजी पाचवा, शुकूर सगळ्यात मागे. रोजी तेव्हा सव्वीस वर्षांचा, अंगात मस्ती. त्यानं सगळ्यांत मोठा तुकडा मागून घेतला होता. वितळलेलं पाणी पाठीवरून कमरेत उतरलं, कमर धरली, आणि एका कड्याच्या आड पुढचे चौघे दिसेनासे झाले तसं त्यानं टोपलं एका दगडावर टेकवलं. चार श्वास, फार तर पाच. मागून शुकूर आला, त्यानं पाहिलं आणि तो ओरडला, “उचल!”

आवाज दरीत घुमला. पुढच्यांना शब्द कळला नाही, आवाज शुकूरचा एवढं कळलं. रोजीनं ओझं उचललं. बर्फ पुरला, बोकड कापला, सगळे जेवले. तीन वर्षांनी त्या जागी ओल्या वाळूपलीकडे काही नव्हतं. मग म्हाताऱ्यांनी विचारलं, वाटेत बोललं कोण? शुकूर म्हणाला, मी. का बोललास? तर म्हणाला, जीभ घसरली.

बस. एवढंच. रोजी तिथंच बसला होता, मांडीवर हात ठेवून.

तेव्हापासून तो जिभल्या शुकूर. शेजारच्या गावात ठरत आलेलं त्याचं लग्न मोडलं. पुढे दहा वर्षांनी एका विधवेनं त्याला पदरात घेतलं. ती चांगली होती, पण आता तीही गेली. नव्या घराची तुळई चढवताना, पेरणीची पहिली मूठ टाकताना, मयताला खांदा देताना कुणी त्याला पुढे बोलावलं नाही. हाकलून दिलं नाही हो, तसा गाव वाईट नाही. नुसतं पुढे बोलावलं नाही. आणि रोजी? रोजी त्याच्याशेजारी राहिला, रोज उन्हात त्याच भिंतीला टेकून बसला, दर ईदेला त्याच्या गळ्यात पडला, बोकडाचा चांगला वाटा त्याच्या घरी पाठवत राहिला. त्या दिवसाबद्दल दोघांत एक अक्षर निघालं नाही.

आणि आता खानकाहच्या, गावच्या प्रार्थनाघराच्या, अंगणात माणसं निवडणं चाललं असताना शुकूर उठून उभा राहिला. पासष्टाचा, काटकुळा, दाढीत चार केस. म्हणाला, या वेळी मी एक टोपलं घेतो.

गावचा मुखिया मूसा जेमतेम बेचाळीस वर्षांचा होता. मूळ गोष्ट घडली तेव्हा तो रांगत असेल. त्यानं आजोबा म्हणावं तशा आदरानंच विचारलं, “अपो, पाठ तुमची चालेल. जीभ कुणाकडे ठेवून याल?”

हशा पिकला.

“जिभेला आता दातांची सोबत नाही,” शुकूर म्हणाला. “एकटी काय करणार ती?”

पुन्हा हशा, पण टोपलं मिळालं नाही. मग तो म्हणाला, बरं, कोंड्याची पोती लादलेलं गाढव हाकायला येतो, गाढवाशी बोलायला तर बंदी नाही ना? ती नव्हती. रोजी या सगळ्या वेळात आपल्या बुटांच्या नाड्या बघत बसला होता. नाड्या ठीक होत्या.

घरी हलीमा म्हणाली, तुमचे गुडघे जिना उतरताना ओरडतात आणि तुम्ही निघालात वर. तो म्हणाला, दुसऱ्या कुणाला ओळखू येत नाही. ती म्हणाली, मग शिकवायचं होतं कुणाला तरी, चाळीस वर्षं काय केलंत? याला त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. हे टोपलं शुकूरला मिळायला हवं, आणि ते फक्त आपल्या तोंडून मिळू शकतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. बर्फ उचलला की तोंडं बंद. म्हणजे त्याच्याकडे चढणीचे दोन दिवस होते.

सात माणसं आणि एक गाढव ऑक्टोबरातल्या एका सकाळी निघाली. पहिला दिवस लुंगब्रोकच्या कुरणापर्यंतचा. गुरं कधीच खाली उतरली होती, दगडी झोपड्यांत नुसता शेणाचा वास. रोजी दर शंभर पावलांवर थांबे. तरुण पोरं पुढे जाऊन वाट बघत, मग त्यांना थंडी वाजे म्हणून आणखी पुढे जात. शुकूर मात्र मागे राहून गाढवाशी गप्पा मारत होता. “हळू चल रे बाबा, पुढे नवरदेवाकडचे मोठे लोक आहेत, त्यांना श्वास घेऊ दे.” रोजीला उद्देशून होतं ते. रोजीनं हसायला तोंड उघडलं आणि खोकला.

एका ठिकाणी दोघंच बसले. मीठ-चहात सत्तू कालवून खाल्ला. बोलायचं तर आत्ता, असं म्हणून रोजीनं सुरुवात केली, “शुकूर, तो दिवस...”

“पोत्याची गाठ सुटली बघ,” शुकूर म्हणाला. “कोंडा सांडतोय.” आणि उठून गेला. गाठ सुटलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वळण आलं. सगळ्यांनी टोप्या काढल्या. समोर आपो-री, होता तसाच, ढगात डोकं खुपसून. पण त्याच्या पायाशी जिथं मादीची पांढरी जीभ पसरलेली असायची तिथं करड्या गोट्यांचं मैदान होतं. मधे एक गढूळ तळं, काठाला लाल काड्यांची झुडपं, आणि तळ्यात एक बदक.

रोजी खालीच बसला. याच जागी त्यांनी बर्फ तोडला होता. सकाळी उचलला आणि दिवस मावळायच्या आत पुरला, इतकी ही जवळ होती.

स्कर्दूच्या कॉलेजातून आलेला तकी फोन काढून म्हणाला, “अपो, नकाशात तर हिमनदी इथंच आहे.”

“मग नकाशालाच टोपल्यात घे,” रोजी म्हणाला.

शुकूर बदकाकडे बघत होता. “नवरी घर सोडून गेली,” तो म्हणाला, “आणि भाडेकरू ठेवून गेली.”

तिथून पुढे गाढवाचं काम नव्हतं. ते झुडपांना बांधलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत शुकूरनं कोंड्याची दोन पोती स्वतःच्या पाठीवर घेतली. कोंड्याला नियम नाही, तो म्हणाला. मग पाच तास नुसते हलते दगड. एकावर पाय ठेवावा तर दुसराच डगमगे. एक चढ संपला की बर्फ दिसेल असं वाटे आणि दुसरा चढ दिसे. पोरांची थट्टामस्करी तिसऱ्या चढावर बंद पडली. रोजीला पाय जाणवेनासे झाले होते, ते एका परीनं बरंच. हिला एवढं वर पळायला काय झालं, असं तो मनात म्हणत होता आणि मग त्यालाच वाटे, आपणही पळालोच असतो. खाली राहून काय मिळालं कुणाला?

दुपार कलल्यावर बर्फ सापडला. आपो-रीच्या पोटाशी चिकटलेला, वरून धुळीनं मळलेला. ही नर आहे, मूसा म्हणाला, काळी दिसते. रोजीनं कुऱ्हाडीनं वरचा थर उडवला. आतून निळा निघाला. त्यानं पात्याच्या मागच्या अंगानं ठोकून कान लावला. नर असला की ठप्प असा आवाज येतो. हिच्या आत बारीक पाणी चालल्याचा नाद होता. त्यानं एक कपचा तोंडात धरला, तो लगेच विरघळला. हीच, तो म्हणाला. मळलीय, पण हीच.

चार तुकडे तोडले, कोंड्यात आणि चादरींत गुंडाळले, टोपल्या रचलेल्या दगडांवर तयार ठेवल्या. उचलीच्या आधीचे दगड चालतात, नंतरचे नाहीत. टोपल्या मूसाची, तकीची, आणखी एका तगड्या गड्याची, आणि चौथी, मानाची म्हणून, रोजीची. बाकीचे दोघे तरुण वाटेत बदलीला. मग आपो-रीकडे तोंड करून सगळे उभे राहिले. रीत अशी की तोंड बंद करायच्या आधी एकमेकांची माफी मागायची. काही उणंदुणं बोललो असेन तर सोडून द्या, एवढंच पुटपुटायचं. कुणी मनापासून ऐकत नाही. मूसा पुटपुटला, तकी पुटपुटला. रोजीची पाळी आली.

“मी टोपलं टेकवलं होतं,” तो म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही. मूसानं विचारलं, कधी, आत्ता?

“तेव्हा. एक्केचाळीस वर्षांपूर्वी. कड्याच्या आड, दगडावर. शुकूरनं पाहिलं आणि मला उचल म्हणून ओरडला. त्याची जीभ घसरली नव्हती. माझी पाठ घसरली होती. त्यानं माझं नाव घेतलं नाही आणि मीही घेतलं नाही.”

तकी आपल्या बुटाकडे बघू लागला. एका पोराला हसू फुटलं, घाबरून फुटतं तसं, आणि त्यानं ते रुमालात दाबलं. मग तकीच म्हणाला, ऊन-सावलीच्या हिशेबानं पाहिलं तर अपो, ते लग्न फसलं कारण जागा चुकली होती, उतार दुपारी उन्हात येतो, टेकवल्या न टेकवल्यानं काही... मूसानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो थांबला.

रोजीनं शुकूरकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यानं हा क्षण अनेक परींनी रंगवला होता. कधी शुकूर रडे, कधी गळ्यात पडे. शुकूर रागानं पांढरा पडला होता.

“झालं?” तो म्हणाला. “हलकं वाटलं?”

“शुकूर, तुझं नाव...”

“माझं नाव तू कशाला धुतोस? मी धुवायला दिलं होतं?” त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “एक्केचाळीस वर्षं मी ते जपलं. लग्न मोडलं तेव्हा सांगता आलं असतं. बायको विचारून विचारून मेली, तिला सांगता आलं असतं. माझ्याजवळ दुसरं होतं काय, रोजी? तुला घर होतं, मुलगे होते. माझ्याजवळ एवढी एक गोष्ट होती, की मी तुला वाचवलं आणि बोललो नाही. ती तू या काल जन्मलेल्या पोरांपुढे उकिरड्यावर टाकावी तशी टाकलीस. मला विचारलंस?”

विचारायला गेलो तर तू गाठ सुटली म्हणालास, हे रोजीच्या ओठांवर आलं होतं. ते खरंही होतं. पण काही खरं बोलण्यातला त्याचा उत्साह त्या दिवसापुरता संपला होता.

निवाडा मूसालाच करावा लागला. सूर्य उतरत होता, बर्फ गळत होता. तो म्हणाला, ज्यानं टेकवलं त्यानं या वेळी वाहू नये. अपो रोजी नुसते पुढे चालतील, वाट त्यांना माहीत आहे. चौथं टोपलं अपो शुकूरांचं.

“मला आता नको,” शुकूर म्हणाला.

“गावाला हवंय,” मूसा म्हणाला. “रुसायला खाली पुष्कळ वेळ आहे.”

शुकूरनं टोपल्याचा पट्टा कपाळावर घेतला. मूसानं हात वर केला, आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली.

उतरणीबद्दल सांगण्यासारखं थोडंच. रोजी पुढे, रिकामा. पन्नास वर्षं वाकून चालल्यावर माणसाला ओझ्याशिवाय तोल सांभाळता येत नाही. तो दोनदा पडला. दोन्ही वेळा मागून कुणीतरी त्याच्या कोटाची कॉलर धरून उभं केलं. हात कुणाचा हे त्यानं वळून पाहिलं नाही. रात्री कुरणातल्या झोपडीत टोपल्या तुळईला टांगल्या, थेंब टपटपत राहिले, सात माणसं खाणाखुणा करून जेवली. बदलीची पोरं दर तासाला पाठ पुढे करत. मूसानं दिलं, तकीनं तर आनंदानं दिलं, शुकूरनं एकदाही दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सावलीच्या उतारावर नराची टोळी वाट बघत होती. तकीनं जागा हेरली होती, तिथं ऊन कधीच येत नसे. नर खाली, मादी वर, मधे तुंबे, वरून कोळसा, कोंडा, दगड. आखूनांनी दुवा केली. बोकडाच्या मानेवर सुरी फिरली, मूसानं हात खाली केला आणि बंध सुटल्यासारखे सगळे एकदम बोलू लागले. कुणाला किती भूक लागलीय, कुणाच्या बोटांना बधिरता आलीय. शुकूर चहाचा पेला घेऊन लांब जाऊन बसला. पट्ट्यानं त्याच्या कपाळावर लाल वळ उठला होता.

पुढे पळालेल्या पोरांबरोबर बातमी गावात त्यांच्या आधीच पोचली होती. हलीमानं पाय शेकायला गरम पाणी दिलं आणि म्हणाली, “एवढंच होतं होय?”

“एवढंच म्हणजे?”

“दर ईदेला चांगला वाटा तिकडे जायचा. मला वाटायचं, त्याच्या बहिणीवर तुमचा डोळा होता. मी तिच्याशी चाळीस वर्षं धड बोलले नाही.” तिनं परातीतलं पाणी ढवळलं. “तिची माफी आता कोण मागणार? तुम्ही?”

रोजीला वाटलं होतं, लोक तोंडावर थुंकतील. कुणी काही केलं नाही. तरण्या पोरांनी पूर्वीसारखाच सलाम केला, बायकांनी पूर्वीसारखंच विचारलं, गुडघे कसे आहेत. म्हातारा माणूस, जुनी गोष्ट. शिक्षेलासुद्धा वय लागतं, आणि ते त्याचं उलटून गेलं होतं. शुकूरला मात्र बोलावणी सुरू झाली. तुळई चढवायला या, नव्या सुनेच्या हातावर पहिला घास ठेवायला या. तो गेला नाही. हात थरथरतो, म्हणाला. जिभल्या हे नाव मुखियानं बंद करायला सांगितलं, तर पोरांना त्याला काय म्हणावं ते कळेना, आणि काही पोरं चुकून तेच म्हणत राहिली.

उन्हाच्या भिंतीला आता रोजी एकटाच टेकून बसे. शुकूर पलीकडे ओढ्याच्या बाजूच्या भिंतीला बसायचा, जिथं ऊन तासभर उशिरा येतं आणि लवकर जातं. हिवाळाभर तसंच. दोघांमध्ये पन्नास पावलं. रोजीनं चार-सहा वेळा उठून पाहिलं, पण गेला नाही. आणखी काय सांगणार होता? एकदाच सांगण्यासारखं जे होतं ते सांगून झालं होतं.

नवरोजच्या सणाला, अंडी रंगवून झाल्यावर, शुकूर आपणहून दारात येऊन उभा राहिला. बूट काढले नाहीत.

“लोक विचारतात,” तो म्हणाला. “त्या दिवशी नेमकं काय झालं, दगड कुठला, किती वेळ टेकवलंस. सारखे विचारतात.”

“मग?”

“मी म्हणतो, आठवत नाही. तुलाही विचारतील. एकदा बोललास तेवढं बोललास. यापुढे एक अक्षर नको. उरलेलं माझं आहे.”

“बरं,” रोजी म्हणाला.

“वर जाऊन आला तकी. तुंबे फुटलेत, म्हणजे पाणी आत गोठलं. आणखी दहा वर्षांनी कळेल, म्हणतो.”

“दहा वर्षं आपण कुठले.”

“तेच म्हटलं मी त्याला.”

हलीमानं आतून हाक मारली, थंडी घरात येतेय, आत या नाहीतर बाहेर जा. शुकूरनं बूट काढले. रोजीनं चटईवर सरकून जागा केली. सरकताना गुडघा दुखला तसा तो सवयीनं दमलो म्हणाला. तिनं दोघांना चहा ओतला. शुकूरनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मीठ कमी आहे म्हणाला.

“पाच महिन्यांनी आलात,” हलीमा म्हणाली, “आणि येऊन हे.”

पण तिनं मिठाचा डबा पुढे सरकवला.